नद्यांची चाल कोण मोजणार?

गोव्यात पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की चर्चा लगेच सांडपाण्यावर येऊन थांबते. कोणत्या हॉटेलचा पाइप कुठे सोडला आहे, मलनिस्सारण प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालतो का, कोलिफॉर्मचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा, आकडा किती वर गेला. हे प्रश्न रास्तच आहेत. ते धसास लावण्यासाठी गावागावांतले लोक ग्रामसभेत भांडतात, कोर्टात जातात, आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ ठिकाणी काही हालचाल झाली आहे. तरीही या सगळ्या वादात एक समजूत तपासायची राहून जाते. ती अशी की नदी डोंगराकडून समुद्राकडे वाहते, आणि तिच्यात पडलेले काहीही आज ना उद्या समुद्राला मिळते.

आपल्या नद्या खालच्या टप्प्यात अशा वाहत नाहीत. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. जुवारीत तो सांग्याकडे पोचतो. पावसाळ्याचे चार महिने घाटातून प्रचंड पाणी उतरते. पण फेब्रुवारी ते मे या काळात वरून येणारा प्रवाह इतका क्षीण होतो की पणजीपुढची मांडवी व्यवहारात समुद्राचाच एक हात बनते. साधारण साडेबारा तासांच्या फेऱ्यात पाणी एकदा चढते आणि एकदा उतरते. प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर एका सुकतीत, म्हणजे ओहोटीत, पाणी साधारण १४ किलोमीटर खाली सरकते आणि पुढच्या भरतीत जवळपास तितकेच वर येते. म्हणजे पणजीला पाण्यात पडलेली घाण सुकतीला समुद्राकडे जाते खरी, पण तिच्यातला काही वाटा सहा तासांनी परत फिरतो आणि जुन्या गोव्याच्या दिशेने चढतो. वरच्या गावाने केले आणि खालच्या गावाने भोगले, हा साधा हिशेब इथे लागू पडत नाही. इथे खालचे गावही वरच्या गावाचे पाणी बिघडवू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे की पाण्यात काय मिसळते याइतकाच पाणी कसे हलते हाही सार्वजनिक प्रश्न आहे. त्याला द्रवयांत्रिकी म्हणतात आणि तो विषय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चार भिंतींत सोडून दिलेला आहे. भराव, पूल, धक्का, बंधारा, गाळ उपसणे यांपैकी प्रत्येक परवानगी पाण्याची चाल बदलते. चाल बदलली की गुणवत्ता बदलते, मग एक थेंबही जादा सांडपाणी न सोडता.

साळ नदी घ्या. वेर्ण्याच्या बाजूला उगम पावून ती मडगावच्या कुशीतून, नावेली, बाणावली, चिंचिणी, असोळणे अशी वळणे घेत बेतूलला समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत गोव्याचे ११ होते आणि खारेबांध ते मोबोर हा साळचा पट्टा त्यांत होता. साळची दुर्दशा सांडपाण्यामुळे झाली यात शंका नाही. पण तितकेच सांडपाणी जुवारीच्या रुंद मुखाशी पडले असते तर तशी दुर्दशा झाली असती का? नसती. साळ अरुंद, उथळ आणि नागमोडी आहे. उन्हाळ्यात तिला वरून जवळजवळ पाणीच नसते. भरतीचा जोर मुखापासून आत शिरताना तळाच्या आणि काठाच्या घर्षणात मरत जातो, आणि वरच्या टप्प्यात पाणी पुढेमागे डुलते, बदलत मात्र नाही.

इथे एक छोटे गणित मांडतो. हे साळचे मोजलेले आकडे नव्हेत, नियम समजावा म्हणून घेतलेले आहेत. समजा खाडीच्या एका फाट्यात प्रत्येक सुकतीला एक दशांश पाणी बाहेर जाते, आणि बाहेर गेलेल्यातले निम्मे पुढच्या भरतीबरोबर परत येते. म्हणजे दर फेरीला खरे नवे पाणी मिळाले फक्त एक विसांश. या गतीने फाट्यातले पाणी बदलायला वीसेक भरत्या, म्हणजे सुमारे दहा दिवस लागतात. आता फाट्याच्या तोंडाशी भराव टाकून अरुंद मोरी ठेवली आणि ही अदलाबदल निम्मी झाली, तर दहाचे वीस दिवस होतात. सांडपाणी रोज तेवढेच पडत असेल, तर पाण्यात साठून राहणाऱ्या नत्र-स्फुरदाचे प्रमाण दुप्पट होते. जिवाणू खाऱ्या पाण्यात आणि उन्हात काही दिवसांत मरतात, त्यामुळे कोलिफॉर्मचा आकडा कदाचित तितका वाढणार नाही. पण शेवाळ माजेल, रात्री प्राणवायू खाली जाईल आणि पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठावर येऊन तोंड उघडतील. प्रदूषण करणारा कोण, असे तेव्हा विचारले तर सगळे पुन्हा त्याच पाइपकडे बोट दाखवतील. मोरी बांधणाऱ्याचे नाव कोणाच्या ध्यानात येणार नाही.

याच गणिताची दुसरी बाजू मुखाशी दिसते. खाडीचे मुख किती उघडे राहील हे मुख्यतः भरतीला आत शिरणाऱ्या आणि सुकतीला बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या एकूण साठ्यावर ठरते. त्या येण्याजाण्याच्या वेगानेच किनाऱ्याने सरकत येणारी वाळू मुखातून ढकलली जाते. आतले पात्र भरावाने आकसले की साठा घटतो, मुखातला वेग मंदावतो आणि वाळूचा पट्टा वाढतो. बेतूलच्या मुखाशी साचणाऱ्या वाळूत होड्या अडकतात, अपघात होतात, म्हणून कुटबणचे मच्छीमार गाळ उपसण्याची मागणी करतात. त्यांची मागणी न्याय्य आहे. पण गाळ उपसण्याची निविदा काढण्याआधी, आत किती किलोमीटरपर्यंत, किती जागी पात्र आवळले गेले याचा हिशेब मांडायला हवा. तो नसेल तर दरवर्षी वाळू काढायची आणि दरवर्षी ती परत यायची.

आता पावसाळ्याकडे या, कारण तिथे गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते आणि मला वाटते तिथेच ती सर्वात बोलकी आहे.

गोडे पाणी घनमीटरला सुमारे १००० किलो भरते, समुद्राचे सुमारे १०२५ किलो. फरक अडीच टक्क्यांचा. एवढ्याशा फरकाने पाण्याचे थर पडतात: हलके गोडे पाणी वर, जड खारे पाणी खाली. जून-जुलैत मांडवी-जुवारीत वरचा थर समुद्राकडे सुसाट जातो आणि तळाशी खारे पाणी आत सरकत असते. पृष्ठभागावरचा नमुना घेतला तर नदी गोडी आणि तळाचा घेतला तर खारी, हे एकाच क्षणी खरे असते. थर पडले की वरचा प्राणवायू खाली उतरत नाही. ते मोडायला वारा, लाटा किंवा भरतीची खळबळ लागते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत ही खळबळ पुरेशी असते; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत कमी पडते. म्हणून एकाच ठिकाणचे पाणी एकाच महिन्यात अमावास्येला वेगळे आणि अष्टमीला वेगळे असू शकते.

गोव्याच्या समोरच्या समुद्रात हेच नाट्य फार मोठ्या प्रमाणावर घडते. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खोल समुद्रातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकून किनाऱ्याजवळच्या उथळ भागावर पसरते. त्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचे हलके पांघरूण पडते. वरचा वारा खालपर्यंत पोचत नाही. वर भरपूर पोषकद्रव्ये, ऊन आणि वनस्पतीप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ; ते मरून खाली पडतात, कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचे पाणी जवळजवळ प्राणवायूविना राहते, काही वेळा त्यात कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षे मोजले आहे. कांदोळीसमोरच्या त्यांच्या ठरलेल्या ठिकाणची मोजमापे त्यासाठी जगभर ओळखली जातात. डॉ. सय्यद वाजिह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये या विषयावर लिहिले तेव्हा पश्चिम किनाऱ्याकडे जगाचे लक्ष गेले.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. इथे मुळात कोणीही पाइप सोडलेला नाही. वारा, प्रवाह आणि घनतेतला फरक या तिघांनी मिळून समुद्राचा श्वास कोंडला. निसर्गतःच जिथे पाणी दर वर्षी श्वास रोखून उभे असते, तिथे माणसाने टाकलेले थोडेसे खत आणि थोडेसे सांडपाणीही जास्त महाग पडते. उत्तर समुद्राच्या काठावरच्या देशांसाठी लिहिलेली मर्यादा आपल्याला जशीच्या तशी पुरेशी नाही. आपल्या समुद्राची सहनशक्ती ऋतूनुसार बदलते, आणि ती सर्वात कमी असते तेव्हाच पर्यटनाचा हंगाम तोंडावर आलेला असतो.

गोड्या पाण्याच्या साठ्यांतही थर पडतात, फक्त तिथे मिठाऐवजी उष्णता कारण असते. एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: उष्ण प्रदेशातले पाणी थरांच्या बाबतीत जास्त हट्टी असते. दहा अंशांचे पाणी एका अंशाने तापले तर घनमीटरमागे जेमतेम ०.०९ किलोने हलके होते. २९ अंशांचे पाणी एका अंशाने तापले तर ०.३ किलोने. तिपटीहून अधिक. म्हणून थंड देशातल्या तळ्यात तापमानाचा मोठा फरक लागतो तेवढा घट्ट थर आपल्याकडे दोन-तीन अंशांत तयार होतो. शिवाय ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. २० अंशांना नऊच्या वर. साठा लहान आणि खर्च मोठा. मार्च ते मे या काळात खोल धरणाच्या तळाशी काय होत असेल याची कल्पना यावरून करता येईल. प्राणवायू संपला की तळाच्या मातीतले लोह, मँगनीज आणि स्फुरद विरघळून पाण्यात येतात.

साळावली धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातली लाखो माणसे पितात. कुर्डीसारखी गावे त्यासाठी उठली. या धरणाच्या पाणलोटात खनिजाच्या खाणी राहिल्या आहेत, आणि पाण्यातल्या मँगनीजची चर्चाही आपल्याकडे होऊन गेली आहे. अशा वेळी शुद्धीकरण केंद्रात कोणते रसायन घालावे हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच हाही: पाणी धरणाच्या कोणत्या खोलीवरून उचलले जाते? वरच्या प्राणवायूयुक्त थरातून की तळाजवळून? मेमध्ये वेगळ्या पातळीवरून आणि नोव्हेंबरमध्ये वेगळ्या पातळीवरून उचलण्याची सोय आहे का? पाण्याच्या बिलावर दर छापलेला असतो. खोलीनुसार तापमान आणि प्राणवायूचा साप्ताहिक आलेख जाहीर करायला त्यापेक्षा जास्त कष्ट नाहीत.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे कोणी समजू नये. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल जमीन, आहे, आणि खाजन ही शेतीइतकीच पाण्याच्या चालीवर उभारलेली व्यवस्था आहे. माती, गवत आणि चिऱ्याचा बांध. बाहेर लाटा अंगावर घेणारी खारफुटी. आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारे भरतीचे पाणी चढले की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि सुकतीला बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, मोटर नाही. पातळीतला हातभर फरक एवढीच तिची शक्ती. पावसाळ्यात आतली माती गोड्या पाण्याने धुऊन निघते, कोरगुटसारखे खारटपणा सोसणारे भात उभे राहते; कापणीनंतर खारे पाणी मोजून आत घेतले जाते आणि मासळी, सुंगटे (कोळंबी) वाढतात. पूर्वजांनी बांध घालून नदीचा पसारा कमी केला हे खरे. पण त्यांनी पाणी मारून टाकले नाही, दिवसातून दोनदा ते आतबाहेर होईल अशी सोय ठेवली. आज टाकला जाणारा भराव ती सोय ठेवत नाही.

मानशीची निगा कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, आणि शेतकऱ्यांच्या संघटना राखत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर जमिनीची मालकी बदलत गेली, जबाबदारी मात्र नीट कोणाच्या अंगावर आली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते. मग दारे वेळेवर मिटत नाहीत. खारे पाणी जास्त आत येते, सुकतीला तेवढेच जोराने बाहेर पडते, मानशीच्या पायथ्याशी खड्डा पडतो आणि एके दिवशी बांधच जातो. बाहेरून खनिजाच्या बार्जच्या लाटांनी बांध पोखरले ते वेगळेच. बांध फुटलेल्या खाजनात महिनोन्‌महिने साचलेले निमखारे पाणी कोणी जाऊन पाहावे. त्यात कोणी सांडपाणी सोडले नाही, तरी ते मेलेले असते.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजन जमिनींचे नकाशे करावेत आणि त्यांवर विकासकामांना परवानगी देऊ नये. त्याच अधिसूचनेत एक फार अर्थपूर्ण गोष्ट आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नदीत हे नियमन किती आतपर्यंत लागू होईल ते कशावरून ठरते? वर्षातल्या सर्वात कोरड्या काळात क्षारता हजारी पाच भाग जिथपर्यंत पोचते, त्यावरून. म्हणजे कायद्याने स्वतःच आपली सीमा पाण्याच्या चालीला बांधली आहे. नदीचे पात्र खोल उपसले की जड खारे पाणी तळाशी आणखी आत शिरते. वरून येणारे गोडे पाणी घटले तरीही तेच होते. दोन्ही वेळा कायद्याची सीमा सरकते, विहिरी मचूळ होतात, शेतात मीठ येते. तरीही गाळ उपसण्याच्या प्रस्तावांत चर्चा होते ती गाळाच्या घनमीटरांची आणि तो टाकायचा कुठे याची. उपसल्यानंतर खारटपणा किती पुढे जाईल याचे उत्तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असले पाहिजे.

गाळाचीही स्वतःची चाल असते. बारीक रेतीचा कण सेकंदाला काही मिलिमीटर या वेगाने तळाशी बसतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम फूटभर. खाणींच्या डंपवरून पावसात वाहून आलेली ही तांबडी माती म्हणून लांबपर्यंत तरंगत जाते. पण गोडे पाणी खाऱ्याला भेटते तिथे मिठामुळे हे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि झपाट्याने खाली बसू लागतात. त्यांच्यासोबत धातू आणि तेलाचे अंशही. खाण कुठे आहे आणि तिचा गाळ कुठे साचतो, यांत म्हणून पुष्कळ अंतर असू शकते. खाणीच्या हद्दीवरच्या ओहोळाचा नमुना घेऊन अहवाल संपवणे म्हणजे अर्धीच चौकशी.

मोजमापाबद्दल बोलायलाच हवे, कारण सगळा वाद शेवटी आकड्यांवर चालतो. आंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरला किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात याचे माप) तीनच्या आत, १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जास्तीत जास्त २५००, ५०० असतील तर उत्तम. ही मानके आपल्याला ठाऊक असतात. पण भरतीच्या खाडीत नमुना भरतीच्या माथ्यावर घेतला की सुकतीच्या तळाला, यावर तो आकडा कितीतरी बदलतो. भरतीला समुद्राचे स्वच्छ पाणी आलेले असते, सुकतीला नाल्यांचे पाणी उतरलेले असते. नमुना घेणारा माणूस प्रामाणिक असला, प्रयोगशाळा उत्तम असली, तरीही वेळ नोंदलेली नसेल तर त्या आकड्याची मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. महिन्याला एक नमुना, तोही पृष्ठभागाचा, आणि त्यावरून नदी सुधारली किंवा बिघडली असे ठरवणे मला धोक्याचे वाटते. दोन्ही बाजूंनी धोक्याचे. माझा आग्रह आहे की जाहीर होणाऱ्या प्रत्येक तक्त्यात भरतीची अवस्था, उधाण की भांग, नमुन्याची खोली, क्षारता आणि त्या वेळचा प्रवाह हे रकाने असावेत. प्रयोगशाळेचा खर्च त्याने वाढत नाही. होडीवर एक घड्याळ, भरतीचे कोष्टक आणि क्षारता मोजणारे एक साधे उपकरण एवढेच लागते.

यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. पर्यावरणासाठी काम करणारी माणसे म्हणतील की प्रवाहाची भाषा सुरू केली की प्रदूषण करणाऱ्यांना पळवाट मिळते. ‘पाणी खेळते ठेवा, घाण आपोआप निघून जाईल’ असे म्हणून मलनिस्सारणाचा खर्च टाळता येईल, किंवा खाडीचे तोंड रुंद करण्याचे कंत्राट काढता येईल. ही भीती खोटी नाही. पण प्रवाहाचे शास्त्रच त्या पळवाटेवर पहिले बंद दार आहे. बाहेर गेलेले पाणी परत येते हे तेच सांगते. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात नाल्याचे पाणी आडवे बाहेर न जाता बराच काळ किनाऱ्यालगतच अडकून राहते आणि किनाऱ्याला समांतर सरकते, हेही तेच सांगते. बागा किनाऱ्यावरच्या ओहोळातून आलेले पाणी क्षितिजाकडे निघून गेले असे वरून दिसते. प्रत्यक्षात ते शेजारच्या आंघोळ करणाऱ्यांत फिरत असू शकते. दर पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे पाहा. ते भर समुद्रात सांडलेल्या तेलाचे असतात, आणि नैर्ऋत्येचा वारा व पृष्ठभागावरचा प्रवाह ते शेकडो किलोमीटरवरून आपल्या वाळूत आणून टाकतात. समुद्र गिळतो असे ज्याला वाटते त्याने मेमध्ये पायाला लागलेले ते डांबर खरवडून पाहावे. सांडपाणी शुद्ध करायलाच हवे. पण शुद्ध केलेले पाणी कुठे, कोणत्या खोलीवर आणि भरतीच्या कोणत्या वेळी सोडायचे, हे प्रवाह मोजल्याशिवाय ठरवता येणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि विलंबाचा. प्रत्येक मोरीसाठी अभ्यास करत बसलो तर कामे कधी व्हायची? खरे तर या बाबतीत गोव्याइतके नशीबवान राज्य विरळा. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दारात आहे. मांडवी आणि जुवारी या देशात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या खाड्यांपैकी आहेत; त्यांच्या भरतीची, क्षारतेची संगणकीय प्रारूपे शास्त्रज्ञांनी केव्हाच तयार केली आहेत. नव्या प्रस्तावाचे आकडे घालून पाणी किती दिवसांत बदलेल हे तपासणे हे वर्षांचे काम राहिलेले नाही. नव्वदीच्या दशकात कोकण रेल्वेच्या आखणीवरून गोव्यात रान उठले, तेव्हा खाजनातला भराव आणि त्याखालून पाणी कसे जाणार हा मुद्दा रस्त्यावर आणि सभांत बोलला गेला होता. त्याहून साडेतीन शतके आधी, १६३३-३४ च्या सुमारास, पणजी-रायबंदर मार्ग खाऱ्या पाणथळीतून बांधणाऱ्यांनी त्याखाली कमानी ठेवल्या होत्या. पाण्याला वाट हवी हे त्यांना अभ्यासगटाशिवाय कळले होते. आज पणजीतल्या सांतिनेजच्या नाल्याचा गाळ पुन्हा पुन्हा काढला जातो. मांडवीची भरती त्या नाल्यात किती आत, किती मोकळेपणी शिरते हे पाहिल्याशिवाय काढलेला गाळ परत बसणारच.

शेवटी म्हादई, म्हणजे मांडवीचाच वरचा प्रवाह, जिचे पाणी वळवण्यावरून कर्नाटकाशी वाद आहे. या नदीसाठी गोव्याने जेवढा जीव टाकला तेवढा क्वचितच कशासाठी टाकला असेल, आणि मी त्या लढ्याच्या बाजूचा आहे. १४ ऑगस्ट २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले. तेव्हापासून वाद या आकड्यांभोवती फिरतो. पण टीएमसी हा वर्षाचा आकडा आहे आणि खाडी दिवसाच्या हिशेबाने जगते. जुलैच्या पुरातले एक टीएमसी आणि डिसेंबरातले एक टीएमसी यांची किंमत सारखी नाही. पुराचे पाणी दोन दिवसांत समुद्रात जाते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळातली ओसरती धार मात्र खाऱ्या पाण्याला रोज थोडे मागे रेटत असते. ती धार किती काळ टिकते यावर आमोण्याला, दिवाडीला खारटपणा कोणत्या आठवड्यात पोचतो हे ठरते. बंधारा वर्षाला थोडेच पाणी वळवतो, असे सांगितले जाईल. ते थोडे याच धारेतून वळवले तर खाडीला ते थोडे राहत नाही.

न्यायालयासमोर आणि केंद्रासमोर जाताना गोव्याच्या हातात भावनेबरोबर हा आलेख हवा: गांजे, आमोणे, दिवाडी आणि रायबंदर इथली पृष्ठभागाची आणि तळाची रोजची क्षारता, वर्षभराची, आणि तिच्याशेजारी गांजेला वरून आलेला रोजचा प्रवाह. दोन-तीन वर्षांचा असा आलेख असला की पाणी वळवल्याने नुकसान होईल का, हा वाद किती नुकसान, कुठे आणि कोणत्या महिन्यात, यावर येईल. त्यासाठी लागणारी यंत्रे गोव्यातच आहेत आणि ती वाचणारी माणसेही इथलीच आहेत. मोजणी येत्या ऑक्टोबरात सुरू करावी, आणि आकडे रोजच्या रोज सर्वांसमोर ठेवावेत.